बंडूच्या घरात मिरी

बंडू नऊ वर्षांचा झाला तेव्हा आम्ही आणखी एक कुत्रे पाळायचे ठरवले, आणि विचारणाऱ्या प्रत्येकाला एकच कारण सांगितले, की त्याला सोबत हवी. हे कारण सांगायला सोपे होते आणि ऐकणाऱ्यालाही लगेच पटत होते. लस देण्यासाठी बंडूला घेऊन गेले असताना डॉक्टरांनाही मी तेच सांगितले, तेव्हा त्याच्या कानामागे खाजवत त्यांनी शांतपणे विचारले, "सोबत त्याला हवी आहे, की तुम्हाला?" मला त्या प्रश्नाचा थोडा रागच आला. परंतु बंडूने नऊ वर्षे घरातला एकुलता एक म्हणून काढली होती, फिरायला गेल्यावर भेटणाऱ्या कुत्र्यांना तो हुंगायचा, शेपूट दोनदा हलवायचा आणि पुढे चालू लागायचा, आणि दिवसातला बराचसा वेळ खिडकीखालच्या गादीवर स्वस्थ पडून असायचा. सोबतीसाठी तो मुळीच झुरत नव्हता. त्याच्या तोंडाभोवतीचे केस पांढरे होऊ लागले होते आणि तो नसेल त्या दिवसाची धास्ती आम्हालाच वाटू लागली होती, हे खरे कारण होते. ते मनाशी कबूल केल्यावर पुढच्या तयारीकडे पाहण्याची माझी दृष्टी बदलली, कारण पिल्लू आमच्यासाठी येणार असेल, तर त्याची झळ बंडूला कमीत कमी लागावी हे पाहणेही आमच्याकडेच येत होते.

त्याच भेटीत डॉक्टरांनी बंडूच्या लसी आणि जंताचे औषध वेळेवर झाले आहे ना, हे तपासले. उठताना त्याचे मागचे पाय जड वाटतात, तेव्हा पिल्लू आणण्याआधी एकदा एक्स-रे काढून घ्या, असेही त्यांनी सुचवले. ते काम मी पुढे ढकलले. या सगळ्या प्रवासात माझ्या हातून झालेली सर्वांत मोठी चूक हीच, आणि ती पिल्लू घरात येण्याच्या कितीतरी आधी होऊन गेली होती.

पिल्लू मादी असावे हे आम्ही आधीच ठरवले होते. नर आणि मादी यांचे सहसा बरे जमते, तर एका घरातल्या दोन माद्यांची भांडणे एकदा सुरू झाली की मिटवणे फार अवघड जाते, असे डॉक्टरांनी सांगितले होते. पाच पिल्लांमधले जे धिटाईने सर्वांत आधी धावत आले, त्याच्यावर माझ्या मुलीचा जीव जडला. मी मात्र थोडे मागे थांबून, बघून, मग जवळ आलेले काळे पिल्लू निवडले, कारण म्हाताऱ्या कुत्र्याच्या घरात जाणाऱ्या पिल्लाला थोडे थांबता आले पाहिजे, असे मला वाटले. त्याच काळ्या रंगावरून तिचे नाव मिरी ठेवले. पिल्ले पाच आठवड्यांची असतानाच घेऊन जा, असे त्यांच्या मालकांचे म्हणणे होते. आम्ही आठ आठवडे पूर्ण होईपर्यंत थांबलो. किती जोराने चावले की समोरचा कळवळतो आणि खेळ मोडतो, हा धडा पिल्लू आईकडून आणि भावंडांकडून याच दिवसांत शिकते, आणि जे त्याला तिथे शिकायला मिळत नाही, ते पुढे माणसांच्या हातांवर आणि घरातल्या थोरल्या कुत्र्याच्या कानांवर शिकावे लागते.

त्या तीन आठवड्यांचा उपयोग आम्ही घरासाठी केला. स्वयंपाकघर आणि बैठकीची खोली यांच्यामध्ये जाळीचे छोटे दार बसवले, आणि पिल्लू येण्याआधी जवळजवळ पंधरा दिवस ते रोज थोडा वेळ बंद ठेवू लागलो. सुरुवातीला बंडू दाराशी उभा राहून कुरकुरायचा, मग पलीकडे आपल्याला चघळायला काहीतरी मिळते हे लक्षात आल्यावर आपण होऊन तिथे जाऊन बसू लागला. हे दार पिल्लाबरोबरच घरात आले असते, तर आपल्या वाट्याला आलेल्या बंदीचा संबंध त्याने पिल्लाशी जोडला असता. त्याच्या जेवणाची जागाही आम्ही याच दिवसांत हलवली. पिल्लू पाहायला जाताना बंडूच्या गादीवरचा एक फडका आम्ही तिथे ठेवला आणि पिल्लांच्या अंथरुणातला एक घरी आणला. बंडूने तो बराच वेळ बारकाईने हुंगला, एकदा माझ्याकडे पाहिले, आणि तो पाणी प्यायला निघून गेला. त्याच्या दृष्टीने विषय संपला होता.

पहिली भेट घराबाहेर, दोघांपैकी कुणाच्याही मालकीच्या नसलेल्या जागी घडवावी, हा सल्ला सगळेच देतात. तो योग्यही आहे, कारण घर ही थोरल्या कुत्र्याची राखायची जागा असते. पण यात एक अडचण आहे, तिच्याविषयी फारसे कुणी बोलत नाही. आठ आठवड्यांच्या पिल्लाच्या लसी पूर्ण झालेल्या नसतात. आईच्या दुधातून मिळालेली प्रतिकारशक्ती सुरुवातीला पिल्लाला जपते, पण तीच लसीच्या कामात आडही येते, आणि ती नेमकी कधी ओसरेल हे प्रत्येक पिल्लाच्या बाबतीत वेगळे असते. म्हणून सहा ते आठ आठवड्यांपासून दर तीन-चार आठवड्यांनी, वयाच्या सोळा आठवड्यांपर्यंत लस पुन्हा पुन्हा द्यावी लागते. तोवर जिथे अनोळखी कुत्री फिरतात, त्या जमिनीवर पिल्लाला सोडणे धोक्याचे असते. १९७८ मध्ये ओळखला गेलेला आणि दोनेक वर्षांत जगभर पसरलेला पार्व्हो हा विषाणू मातीत कित्येक महिने टिकून राहतो, आणि लस न झालेल्या पिल्लाला त्याची लागण झाली तर जीवावर बेतू शकते. घराबाहेर भेट घडवावी, तर जमीन सुरक्षित नाही. घरात घडवावी, तर बंडूचे राज्य. शेवटी एका मैत्रिणीचे कुंपण असलेले अंगण सापडले, जिथे कधीच कुत्रे पाळलेले नव्हते आणि बाहेरचे कुत्रे येण्याची शक्यताही नव्हती.

तिथे मुलीने मिरीला घेतले आणि मी बंडूला. पाच-सहा माणसे शेजारी शेजारी उभी राहतील एवढे अंतर ठेवून आम्ही एकाच दिशेने चालू लागलो, आणि समोरासमोर येण्याचे मुद्दाम टाळले. माझी एकच धडपड चालली होती, की बंडूचा पट्टा सैल राहावा. हे ऐकायला सोपे आहे, पण मनात भीती असली की हात आपोआप पट्टा आखडतो, आणि ताणलेला पट्टा कुत्र्याला पुढचे पिल्लू धोक्याचे असल्याचे सांगून मोकळा होतो. दहा मिनिटांनी अंतर कमी केले. बंडूने मिरीला मागच्या बाजूने हुंगले, मिरी उलटी होऊन पोट दाखवत लोळली, आणि मी मनात तीन आकडे मोजून बंडूला हाक मारली. तो आला, हे महत्त्वाचे. पहिल्या भेटीत हुंगणे लांबू द्यायचे नाही, कारण कुत्र्यांमधले बरेच तंटे पहिल्या क्षणी होत नाहीत. कोणीच वेळेवर बाजूला न झाल्यामुळे ते नंतर पेटतात. त्यानंतर आम्ही सगळे एकत्रच घरी आलो. गादी, चेंडू, हाडे, जेवणाची भांडी असे भांडण लावणारे सारे काही सकाळीच उचलून ठेवलेले होते.

पहिल्या रात्रींविषयी फार लिहिण्यासारखे नाही. मिरी रडली, बंडू घरभर येरझाऱ्या घालत राहिला आणि आम्ही कोणीच झोपलो नाही. तिसऱ्या रात्रीपासून तिचा क्रेट, म्हणजे झोपायचा जाळीदार पिंजरा, माझ्या पलंगाशेजारी आणला, तेव्हा तिचे रडणे थांबले, आणि बंडूने आपला मुक्काम पलंगाच्या दुसऱ्या बाजूला हलवला.

खरी परीक्षा दिवसा होती. एवढे लहान पिल्लू दिवसाला अठरा ते वीस तास झोपते, किंवा झोपायला हवे. हे पुस्तकी वाटणारे वाक्य आमच्या घरात रोज संध्याकाळी खरे ठरत होते. झोप अपुरी झालेली मिरी शांत होण्याऐवजी पिसाळल्यासारखी वागायची, बंडूची शेपटी धरून लोंबकळायची, त्याच्या ओठांना लटकायची. सुरुवातीला आम्ही याला खेळकरपणा समजत होतो. नंतर कळले की ती दमलेली होती, आणि तिला जाळीपलीकडे झोपवणे हा त्या दोघांवरही उपकार होता.

पहिल्या आठवड्यात मुलीने काढलेले एक छायाचित्र आमच्या सगळ्या नातेवाइकांना फार आवडले. मिरी बंडूच्या मानेवर पाय ठेवून उभी आहे आणि बंडू जणू हसतो आहे, असे ते चित्र होते. काही दिवसांनी मी ते पुन्हा पाहिले तेव्हा अंगावर काटा आला. बंडूने मान वळवलेली होती, डोळ्याच्या कडेला पांढरी कोर दिसत होती, तोंड मिटलेले आणि ओठांचे कोपरे ताणलेले होते. तो हसत नव्हता. मला यातून सोडवा, असे तो आम्हाला सांगत होता. वारंवार जांभया देणे, नुसतेच ओठ चाटणे, तोंड फिरवणे, अंग ताठ करून क्षणभर थिजणे, ही सगळी त्याची बोलण्याची पद्धत होती, आणि नऊ वर्षे त्याच्यासोबत राहूनही ती वाचण्याची आम्हाला कधी गरज पडली नव्हती, कारण त्याला तसे बोलावे लागेल असे घरात काही घडतच नव्हते.

बाराव्या दिवशी बंडू मिरीवर गुरगुरला. ती त्याच्या मागच्या पायांवर उडी मारून पडली होती. मी ओरडले, त्याला नावाने रागावले, आणि मिरीला उचलून घेतले. त्याने शेपूट पाडली आणि तो गादीवर जाऊन बसला. पुढचे तीन दिवस तो अजिबात गुरगुरला नाही, आणि आपण वेळेवर शिस्त लावली म्हणून मी समाधानी होते. चौथ्या दिवशी कसलाही आवाज न करता तो एकदम वळला आणि त्याचे दात मिरीच्या नाकापासून बोटभर अंतरावर आपटले. त्याने तिला धरले नाही, जखम झाली नाही, धरायचे असते तर त्याचा नेम चुकला नसता. तरीही मिरीची किंकाळी आणि त्यानंतरची शांतता मी विसरू शकत नाही.

डॉक्टरांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "गुरगुरणे म्हणजे त्याची घंटा होती. तुम्ही ती काढून घेतलीत. आता तो न वाजवताच दार उघडणार." मग त्यांनी बंडूला तपासले आणि इतके दिवस मी टाळलेला एक्स-रे काढायला लावला. त्याच्या दोन्ही खुब्यांच्या सांध्यांची झीज झालेली होती. मिरी ज्या ठिकाणी उड्या मारत होती, नेमके तिथेच त्याला दुखत होते. मी ज्याला मत्सर म्हणत होते, शेजारपाजारचे ज्याला 'धाकटी आली म्हणून रुसलाय' असे कौतुकाने म्हणत होते, त्याच्या मुळाशी साधी वेदना होती. कुत्र्यांसाठीचे वेदनाशामक औषध सुरू झाले, आणि वजन थोडे उतरवायचे ठरले. (येथे एक गोष्ट आवर्जून सांगते: माणसांच्या वेदनाशामक गोळ्या, आयब्युप्रोफेन किंवा पॅरासिटामॉलसारख्या, आपल्या मनाने कुत्र्याला कधीही देऊ नयेत, त्यांनी विषबाधा होऊ शकते.) दोन आठवड्यांत बंडू बदलला. पिल्लाला तो लगेच लाड करू लागला असे नव्हे, पण त्याला सहन करण्याइतकी उसंत मिळाली.

वजनाच्या बाबतीत मात्र आम्ही आणखी एकदा फसलो. पिल्लांचे खाणे वाढत्या वयासाठी केलेले असते, त्यात उष्मांक आणि चरबी जास्त असते, आणि बंडूला ते फार आवडले. मिरी दिवसातून चारदा थोडे थोडे खायची, अर्धे टाकून खेळायला पळायची, आणि तिच्या मागून बंडू भांडे चाटूनपुसून स्वच्छ करायचा. त्याचे पोट बिघडले, आणि वजन उतरण्याऐवजी वाढलेले दिसले, तेव्हा आम्ही दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत, दार लावून, खायला घालू लागलो, आणि पंधरा मिनिटांनी भांडी उचलायची असा नियम केला. त्यामुळे एका भांड्यावरून भांडण होण्याचा प्रश्नही उरला नाही. एकमेकांच्या ताटात तोंड घालणारी कुत्री पाहून लोकांना प्रेमाचे भरते येते. मला आता धाकधूक होते.

शू-शीची सवय लावण्याच्या काळात मिरीने घरातली नेमकी एक जागा निवडली, ती म्हणजे बंडूच्या गादीचा कोपरा. नेहमीच्या फरशी पुसण्याच्या द्रवाने आम्ही तो पुसत होतो, आणि ती पुन्हा तिथेच जात होती. अमोनियाचा वास असलेल्या द्रवाने पुसले तर कुत्र्याला ती जागा आणखीच लघवीची वाटते, आणि वास खरोखर जायचा असेल तर लघवीतील घटक मोडून काढणारे, वितंचके (एन्झाइम) असलेले द्रव्य वापरावे लागते, हे त्यानंतर समजले. पिल्लाला महिन्यांच्या वयापेक्षा साधारण एक तास जास्त धरून ठेवता येते, म्हणजे दोन महिन्यांच्या पिल्लाला जेमतेम तीन तास. झोपेतून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळल्यावर लगेच बाहेर न्यायचे हा नियम पाळला की बहुतेक अपघात टळतात. बंडूनेही याच काळात एकदा सोफ्याच्या पायावर तंगडी वर केली. नऊ वर्षांत त्याने असे कधीच केले नव्हते. या वेळी मी ओरडले नाही. पुसून टाकले, आणि त्या दिवसापासून त्याचे सकाळचे फिरणे मिरीशिवाय, माझ्यासोबत एकट्याने, पूर्वीसारखेच ठेवले. तो प्रकार पुन्हा झाला नाही.

एकट्याने वेळ देणे बंडूसाठी आवश्यक होते, हे आम्हाला सुचले. ते मिरीसाठी अधिक आवश्यक होते, हे उशिरा सुचले. थोरल्या कुत्र्याच्या मागे मागे फिरणारे पिल्लू दिसायला गोड दिसते, पण ते सगळे त्याच्याकडे पाहून करते: तो उठला की उठते, तो भुंकला की भुंकते, आणि तो नसला की गोंधळते. मिरीला आपले नाव ऐकून आमच्याकडे वळता येत नाही, ती बंडूकडे पाहते, हे डॉक्टरांनी एका भेटीत ओळखले. बारा-चौदा आठवड्यांपर्यंतचे वय हे पिल्लाला जगाची ओळख करून घेण्याचे असते, आणि त्यासाठी तिला जमिनीवर उतरवता येत नसले, तरी कडेवर घेऊन रहदारी, लहान मुले, छत्र्या, काठी टेकत चालणारी माणसे दाखवता येत होती. ते आम्ही रोज करू लागलो, आणि दररोज काही मिनिटे तिला बंडूशिवाय एका खोलीत एकटे राहण्याची सवय लावली. पहिल्यांदा ती किंचाळली, तेव्हा जाळीपलीकडून बंडूने कान टवकारले, पण उठला नाही.

सहाव्या आठवड्यात एका दुपारी बंडूने पुढचे पाय जमिनीला टेकवले, मागचा भाग उंच केला आणि शेपूट हलवली. खेळायला बोलावण्याची ही खूण कुत्र्यांमध्ये सर्वत्र सारखीच असते. औषधांमुळे त्याला ते करता आले, हे आम्ही जाणून होतो. खेळ अर्ध्या मिनिटाचाही नव्हता. मिरी जोराने चावली की तो खेळ थांबवून दूर जायचा, ती थांबली की परत यायचा, आणि माझ्या हातावर आठवडाभर चाललेली शिकवणी त्याने दोन दुपारींत पुरी केली. चौथ्या महिन्यात तिचे दुधाचे दात पडू लागले. त्यांतला एक बंडूच्या गादीवर सापडला, आणि मुलीने तो अजून डबीत जपून ठेवला आहे.

मला वाटले होते, येथून पुढे सगळे सुरळीत होईल. मिरी सात-आठ महिन्यांची झाली, आणि लहान पिल्लाला थोरली कुत्री जी सवलत देतात, ती बंडूने काढून घेतली. एरवी उडी मारली तर तोंड फिरवणारा बंडू आता उठून उभा राहू लागला, आणि मिरीनेही माघार घेणे सोडले. दोनदा आवाज चढले. आम्ही पुन्हा पहिल्या दिवसांसारखे वागायला लागलो: चघळायची हाडे वेगवेगळ्या खोल्यांत, घरात कोणी नसेल तेव्हा दोघे जाळीच्या दोन बाजूंना, आणि संध्याकाळी मिरीला दमवण्यासाठी वास शोधण्याचे खेळ, कारण हाडे पूर्ण वाढायची असल्याने तिला पळवून दमवणे योग्य नव्हते. असे सुमारे चार महिने चालले. मग तेही निवळले.

आज मिरी दीड वर्षाची आहे. ती आणि बंडू एकमेकांना बिलगून झोपत नाहीत, आणि बहुधा झोपणारही नाहीत. बाहेर अनोळखी आवाज झाला, तर दोघे एकत्र दाराशी जातात, आणि मिरी त्याच्या अर्धे पाऊल मागे थांबते. जाळीचे दार आता काढून टाकावे, असे गेल्या महिन्यात ठरले, आणि त्याचे स्क्रू सैल करायला मी बसले. दार उघडेच होते. बंडू उठला, हळूहळू दारातून पलीकडे गेला, वळून माझ्याकडे पाहिले, आणि मिरी मागोमाग येते आहे हे दिसताच त्याने नाकाने ते ढकलून अर्धे लावले. मी स्क्रू पुन्हा घट्ट केले.